‘सब ठीक है, भाभीजी’ : टिप्परची रोजची तपासणी

प्रश्न : माझे यजमान मागच्या दिवाळीनंतर वारले. त्यांचे दोन दहाचाकी टिप्पर आहेत, गिट्टी आणि मुरूम वाहतात. आता सगळं मी पाहते. हिशेब जमतो, गाडीतलं काही कळत नाही. दोन्ही ड्रायव्हर जुने आणि प्रामाणिक आहेत, पण रोज विचारलं की एकच उत्तर, ‘सब ठीक है, भाभीजी.’ परवा एका गाडीच्या ब्रेकचं लायनर (ब्रेक लावताना ड्रमवर घासणारी पट्टी) इतकं झिजलं की ते बसवलेल्या रिबिटांनी चाकासोबत फिरणारा ड्रम खरवडला, ड्रमही बदलावा लागला. तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, आवाज आठ दिवस येत होता. काका, सकाळी गाडी सुटण्यापूर्वी मी स्वतः काय पाहू शकते?
— एक भगिनी, इंदूर

उत्तर : ताई, मला त्या ड्रमपेक्षा ते आठ दिवस जास्त खटकले. ड्रायव्हरला फेऱ्यामागे पैसे देता का? तसं असेल तर गाडी लोहामंडीत मिस्त्रीकडे लागली की त्याचा दिवस बुडतो. मग तो आवाज सांगेल कशाला? दोघांना समोर बसवून सांगा की खराबी सांगितली म्हणून गाडी उभी राहिली, तर त्या दिवसाचा भत्ता मिळेल. आणि तो खरोखर द्या, त्याच संध्याकाळी. पस्तीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली मी. ज्या मालकांनी हे केलं त्यांच्या गाड्या माझ्याकडे लहान कामाला यायच्या. ज्यांनी नाही केलं त्यांच्या ओढून आणाव्या लागायच्या.

आता तुमची सकाळ. पंधरा मिनिटं पुरतात. इंजिन बंद हवं, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावलेले हवेत.

आधी गाडीखालची जमीन पाहा. काळा डाग इंजिन ऑइलचा, हिरवा किंवा गुलाबी रेडिएटरच्या कूलंटचा. डाला (माल भरायचा मागचा भाग) उचलणाऱ्या जॅकखाली ओल असेल तर हायड्रॉलिक तेल गळतंय. चाकाच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या कडेला तेलकट ओघळ दिसला तर त्या दिवशी गाडी सोडू नका. हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं सील गेलेलं असतं, तेल लायनरवर पसरतं आणि ते चाक ब्रेक धरत नाही.

मग नट. प्रत्येक चाकाचे सगळे नट जवळून पाहा. नटाच्या मुळापासून बाहेर गंजाची तांबूस रेघ निघालेली असेल, किंवा नटाभोवती धातूची चकचकीत भुकटी असेल, तर तो नट ढिला आहे. पाना लावायच्या आधीच हे डोळ्यांना दिसतं. हे मी एका चुकीतून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीला रात्री एका टिप्परचं चाक मी बदललं, नट घट्ट केले, गाडी सोडली. रिम नुकतीच रंगवलेली होती. नटाखालचा ओला-कच्चा रंग भाराने दबतो आणि तेवढी ढील नटात येते, हे मला माहीत असून ‘शंभर किलोमीटरच्या आत परत कसून घे’ असं मी ड्रायव्हरला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी खंडवा रोडवर सिमरोलच्या अलीकडे त्याला मागून खडखड ऐकू आली आणि तो थांबला. दोन स्टड (नट बसतात ते बोल्ट) तुटलेले, चार नट हाताने फिरत होते. पुढे भेरूघाट होता. तो थांबला म्हणून माणसं वाचली, मी काम नीट केलं म्हणून नाही. तेव्हापासून चाक बदललेल्या प्रत्येक गाडीच्या स्टिअरिंगला मी कागद बांधायचो : नट परत कसणे, इतक्या किलोमीटरवर.

मागच्या जोडचाकांमध्ये वाकून पाहा. खाणीवरचा दगड दोन टायरांत अडकून बसतो आणि दोघांनाही कापतो, कधी वेगात सुटून मागच्याच्या काचेवर जातो. आतल्या टायरची हवा कोणी पाहत नाही. ती कमी असली की सगळा भार बाहेरच्यावर येतो, आतला चुरमडत तापतो आणि फुटतो, कधी पेटतोही. लोखंडी रॉडने ठोकून आवाज ऐकायची सवय चांगली, पण तेवढ्यावर भागत नाही. हवा मोजायचं मीटर घ्या आणि टायर थंड असताना लावा.

सगळ्यांत महत्त्वाचा हवेचा ब्रेक. ड्रायव्हरला केबिनमध्ये बसवून इंजिन सुरू करायला सांगा. हवेचे दोन काटे असतात. दोन्ही वर चढले पाहिजेत, हवा कमी असल्याचा बझर बंद झाला पाहिजे. बहुतेक गाड्यांत पूर्ण हवा साधारण 8 बारच्या आसपास असते. मग इंजिन बंद, ड्रायव्हरने ब्रेक दाबून धरायचा आणि तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारायची. कुठे ‘सुंऽऽ’ ऐकू येतं का? आवाज नसला तरी मिनिटभरात काटा डोळ्यांदेखत उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. पहाटेच्या शांततेत हे जितकं नीट ऐकू येतं तितकं दुपारी देवास नाक्यावर येणार नाही.

रात्री गाडी लावल्यावर हवेच्या टाक्यांखालचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडायला लावा आणि खाली पांढरा कागद धरा. कोरडी हवा आली तर उत्तम. पाणी आलं तर एअर ड्रायरचं (हवेतली ओल काढणाऱ्या भागाचं) काट्रिज बदलायची वेळ झाली. दुधाळ, तेलकट पाणी आलं तर हवा भरणारा कॉम्प्रेसर तेल फेकतोय. हे पाणी-तेल पुढे व्हॉल्व्हमध्ये जाऊन ते चिकटवतं, आणि ऐन उतारावर ब्रेक उशिरा लागतो किंवा उशिरा सुटतो. पावसाळ्यात हे रोज करा.

आणि संध्याकाळी गाडी परत येताच प्रत्येक ड्रमजवळ तळहात न्या, टेकवू नका. एकच खूप तापलेला असेल तर तो ब्रेक घासतोय. सगळे गरम आणि एक थंड असेल तर तो कामच करत नाही, त्याच्या वाटचं बाकीचे ओढतायत. ही खूण तुम्हाला कदाचित आठ दिवस आधीच सावध करून गेली असती.

दोन गोष्टींना मात्र हात लावू नका, कोणाला लावूही देऊ नका. उचललेल्या डाल्याखाली टेकू लावल्याशिवाय कोणीही शिरायचं नाही. पाइप फुटला तर डाला क्षणात खाली येतो. आणि मागच्या चाकाजवळचा स्प्रिंग ब्रेकचा गोल डबा रस्त्यावरच्या पोराकडून उघडवू नका. आत दाबून बसवलेली स्प्रिंग असते, ती सुटली तर माणूस मरतो.

एक वही करा. तारीख, किलोमीटर, ड्रायव्हर काय म्हणाला, काय केलं. ड्रायव्हरचे शब्द जसेच्या तसे लिहा, ‘पीछे से आवाज’ म्हणाला तर तेच. मिस्त्रीला त्यातूनच पत्ता लागतो. गाड्या आठ वर्षांवरच्या असतील तर फिटनेस सर्टिफिकेट दरवर्षी लागतं, तीही तारीख पहिल्या पानावर असू द्या.

तुमचं पुढचं पत्र आलं तर त्यात ड्रायव्हरने काय सांगितलं ते नक्की लिहा, ताई.

प्रश्न : माझी गाडी बीएस 6 आहे. एक जण म्हणतो शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून डेफच्या (धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या द्रवाच्या) टाकीत टाक, पैसे वाचतील. चालेल का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : अजिबात नाही. डेफमध्ये 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी असतं. शेतीच्या युरियावर 2015 पासून कडुलिंबाच्या तेलाचा लेप असतो. तो लेप आणि नळाच्या पाण्यातले क्षार डेफचं इंजेक्टर आणि सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिस्ट चोंदवतात. तो कॅटॅलिस्ट बदलायचा खर्च ऐकला की वाचवलेले पैसे विसराल. शिवाय अनुदानाचा युरिया शेताबाहेर वापरणं गुन्हा आहे.

प्रश्न : ग्रीसिंग झालं हे कसं ओळखावं? मिस्त्री पाच मिनिटांत ‘हो गया’ म्हणतो.
— एक वाचक, महू

उत्तर : समोर उभे राहा. किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन), स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिना, प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनची ताकद मागच्या चाकांना नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस आणि डाल्याच्या मागच्या बिजागरी पिना, प्रत्येक ठिकाणी जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागून नवं दिसेपर्यंत गन दाबायची. जिथून काहीच बाहेर येत नाही तिथलं निपल (ग्रीस भरायचं तोंड) चोंदलंय, ते काढून बदलून घ्या. बाहेर आलेलं ग्रीस कापडाने पुसायला लावा, नाहीतर खाणीची धूळ तिथेच चिकटते.