धातुशास्त्रातून नॅनोतंत्रज्ञानाच्या संशोधनात जाता येते का?

धातुशास्त्रात बी. टेक. झाल्यावर, ‘नॅनो’ नावाची वेगळी पदवी न घेता नॅनोतंत्रज्ञानात संशोधन करून प्राध्यापक होता येईल का, असे आपण विचारले आहे. नक्कीच होता येईल. मीही याच वाटेने आलो असून, विद्यार्थ्यांना मी नेहमी नॅनो-संशोधक पुलिकल अजयन यांचा प्रवास सांगतो.

मूळचे केरळचे अजयन 1985 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातून धातुशास्त्राचे अभियंते झाले आणि 1989 मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्यांनी अतिसूक्ष्म कणांच्या अस्थिरतेवर पीएच. डी. मिळवली. पुढे पोस्टडॉक (पीएच. डी.नंतरचे हंगामी संशोधक) म्हणून ते जपानमधील एनईसी या कंपनीच्या प्रयोगशाळेत असताना, 1991 मध्ये तिथल्याच सुमिओ इजिमा यांचा कार्बन नॅनोट्यूबविषयीचा (कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांविषयीचा) गाजलेला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हा योगायोग खरा. पण त्याचे चीज झाले ते अजयन यांचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर आधीच हात बसला होता म्हणून. 1992 मध्ये थॉमस एबेसन यांच्यासह त्यांनी या नळ्या मोठ्या प्रमाणात बनवण्याची रीत मांडली, तर 1993 मध्ये इजिमांसह दाखवून दिले की, शिशासोबत हवेत तापवल्यावर नळ्यांची टोके उघडतात आणि वितळलेला पदार्थ केशाकर्षणाने (बारीक नळीत द्रव आपोआप चढतो तसा) आत ओढला जातो.

एवढे होऊनही फ्रान्स आणि जर्मनीतील मुक्काम संपवून ते रेन्सेलियर संस्थेत सहायक प्राध्यापक झाले ते 1997 मध्ये, म्हणजे पीएच. डी.नंतर आठ वर्षांनी. (2007 पासून ते राइस विद्यापीठात आहेत.) हंगामी नेमणुकांचा हा काळ आपण आधीच गृहीत धरावा आणि घरच्यांनाही त्याची कल्पना द्यावी, असे मी कळकळीने सांगेन.

मायक्रोस्कोपवर हात बसणे म्हणजे काय, तेही सांगतो. नमुना ठेवायची तीन मिलिमीटर व्यासाची तांब्याची जाळी चिमट्यात धरायची, इथेनॉलमध्ये विखुरलेल्या चूर्णाचा एक थेंब तिच्यावर सोडायचा आणि तो दिव्याखाली वाळू द्यायचा. थेंब दाट झाला तर पडद्यावर नुसते काळे गठ्ठे दिसतात आणि फार विरळ झाला तर कण शोधण्यातच दुपार जाते. माझे पहिले कित्येक महिने यातच गेले, आणि आजही मला त्याच महिन्यांचा सर्वाधिक उपयोग होतो.

आपण गेट ही प्रवेश परीक्षा देऊन पीएच. डी.साठी बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची आयआयटी किंवा पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, कुठेही अर्ज केलात तरी मार्गदर्शकांच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट अवश्य विचारा: ते मायक्रोस्कोपवर स्वतः बसतात, की ऑपरेटरकडे नमुना देऊन छायाचित्रांची वाट पाहतात?