काचेची पाटी निवडताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत असून ‘नीट’ आणि सीईटी या दोन्ही परीक्षांची तयारी करत आहे. क्लासच्या नोट्स पीडीएफ स्वरूपात मिळतात आणि तिला त्यांवरच खुणा करायच्या, गणिते सोडवायची असतात. टॅबलेट, पेन आणि कव्हर धरून आम्ही ४५ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. ए१६ चिप असलेला आयपॅड, सॅमसंगचे गॅलक्सी टॅब एस९ एफई व टॅब ए९ प्लस आणि शाओमी पॅड ७ हे चार टॅबलेट डोळ्यांसमोर आहेत. तुलनेचे तक्ते वाचून गोंधळ वाढलाच आहे. निवड कशी करावी?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : आपला गोंधळ तक्त्यांनीच वाढवला आहे, कारण तक्त्यात प्रोसेसर, कॅमेरा, स्पीकर आणि रॅम यांना सारखेच घर मिळते आणि आपल्या मुलीला रोज ज्याच्याशी गाठ पडणार आहे त्या गोष्टीला, म्हणजे पीडीएफच्या पानाला, घरच नसते. म्हणून तक्ता बाजूला ठेवून ए-४ आकाराचा एक कागद आणि एक फूटपट्टी घ्यावी, असे मी सुचवतो.

ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच असतो. टॅबलेटचा पडदा मात्र कर्णाने मोजतात आणि तेथेच फसगत होते, कारण ‘अकरा इंच’ या एकाच आकड्याखाली अरुंद आणि रुंद असे दोन्ही पडदे खपून जातात. ए९ प्लसचा पडदा ११ इंचांचा असला तरी त्याच्या लांबी-रुंदीचे प्रमाण १६:१० आहे, त्यामुळे तो उभा धरला की रुंदी जेमतेम १४.८ सेंटिमीटर मिळते. एस९ एफईची रुंदी त्याहून एखादा मिलिमीटर कमीच भरते. आयपॅडचा कर्ण कागदोपत्री लहान असूनही रुंदी १५.७ सेंटिमीटर आहे आणि ३:२ प्रमाणाच्या शाओमी पॅड ७ची साधारण तेवढीच. म्हणजे मूळ पान पहिल्या दोन पडद्यांवर ७० टक्के आकाराचे दिसते, तर उरलेल्या दोहोंवर ७५ टक्के. फरक पाचच टक्क्यांचा वाटतो खरा; पण नोट्समधले बारा पॉइंटांचे अक्षर (पॉइंट म्हणजे छपाईत अक्षर मोजायचे माप, इंचाचा बहात्तरावा भाग) एकीकडे साडेआठ पॉइंटांच्याही खाली येते आणि दुसरीकडे नऊवर थांबते. रसायनशास्त्राच्या समीकरणातला तळाशी लिहिलेला बारीक २ वाचताना हा अर्धा पॉइंट डोळ्यांना चांगलाच जाणवतो.

याच्या जोडीला पडद्यावरच्या ठिपक्यांची घनता पाहावी. इंचाला ए९ प्लसवर सुमारे २०६ ठिपके आहेत, एस९ एफईवर २४९, आयपॅडवर २६४ आणि शाओमी पॅड ७वर सुमारे ३४५. वरचाच हिशेब पुढे नेला, तर आपल्या त्या बारा पॉइंटांच्या अक्षराच्या वाट्याला ए९ प्लसवर २४ ठिपक्यांची उंची येते, एस९ एफईवर २९, आयपॅडवर ३३ आणि शाओमीवर ४३. रोमन लिपीचे २४ ठिपक्यांत भागते. देवनागरीला त्याच उंचीत वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार, शिवाय मधली जोडाक्षरे बसवायची असतात. ‘ऊर्ध्वपातन’ किंवा ‘द्वंद्व’ असे शब्द अशा पडद्यावर वाचून पाहावेत. ओळखू येतात, पण वाचल्यापेक्षा अंदाजानेच अधिक. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते. मुलगी त्या माध्यमातून बसणार असेल, तर हा मुद्दा तिच्यासाठी प्रोसेसरपेक्षा कितीतरी मोठा आहे.

आता पेनाकडे येऊ, कारण आपल्या यादीतला एक टॅबलेट येथेच बाद होतो. ए९ प्लसवर सॅमसंगचे एस पेन चालत नाही. त्यावर लिहायचे झाले तर रबरी टोकाची काडी घ्यावी लागते, आणि त्या काडीचा अनुभव मी घरात घेतला आहे. काही वर्षांपूर्वी भाच्यासाठी मी एका कंपनीचा स्वस्त टॅबलेट आणि तसलेच पेन आणले. लिहिताना तळहात काचेला टेकला की टॅबलेट त्यालाही बोट समजे. पान एकदम मोठे होई किंवा सूत्राच्या मधोमध आडवी रेघ उमटे. बिचाऱ्याने तीन आठवडे मनगट हवेत धरून लिहिले आणि मग निमूटपणे वही उघडली. तो टॅबलेट आता आमच्या स्वयंपाकघरात अभंग ऐकवतो.

आयपॅडसाठी स्वतंत्र पेन घ्यावे लागते. यूएसबी-सी जोडणीचे ॲपल पेन्सिल भारतात ७,९०० रुपयांना आले. ते तळहाताकडे दुर्लक्ष करते आणि नोट्ससाठी चांगले आहे, मात्र दाब ओळखत नाही, त्यामुळे चित्रकलेसाठी त्याचा फारसा उपयोग नाही. शिवाय ते वायरने चार्ज करावे लागते. या आयपॅडच्या पडद्यात वरची काच आणि आतला पडदा एकसंध चिकटवलेले नाहीत. परिणामी रेघ निबेच्या टोकाशी न उमटता किंचित खोल, काचेच्या तळाशी उमटल्यासारखी वाटते. काहींना चार दिवसांत याची सवय होते, काहींना महिनाभर खटकत राहते. म्हणून दुकानात वडिलांनी नव्हे, मुलीनेच लिहून पाहावे. एस९ एफईसोबतचे एस पेन खोक्यातच येते, टॅबलेटच्या पाठीला चुंबकाने चिकटते आणि लिहिण्यासाठी त्याला चार्जिंग लागत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री पेन मेले, हा प्रसंग त्यामुळे येत नाही. शाओमीचेही पेन चांगले आहे, पण वेगळे विकत घ्यावे लागते.

पैशांचा हिशेब असा. आयपॅडची १२८ जीबीची वाय-फाय आवृत्ती मार्च २०२५ मध्ये ३४,९०० रुपयांना आली. पेन मिळवून ४२,८०० होतात आणि कव्हर व पडद्यावरची संरक्षक काच यांसाठी २,२०० उरतात. बसते, पण कसेबसे. एस९ एफई ऑक्टोबर २०२३ मध्ये ३६,९९९ रुपयांना, पेनासह, आला. शाओमी पॅड ७ जानेवारी २०२५ मध्ये २७,९९९ रुपयांपासून, पेनाविना. हे सगळे बाजारात येतानाचे आकडे आहेत. दुकानदाराकडे आज काय भाव आहे ते विचारावे, विशेषतः एस९ एफईबाबत घासाघीस करायला हरकत नाही. तो जुना आहे, आणि कंपनी ठरावीक वर्षेच देते त्या सुरक्षेच्या अपडेटचे घड्याळ आपण खोके उघडतो तेव्हा नव्हे, तर ते मॉडेल बाजारात येते तेव्हा सुरू होते, ही त्याची खरी उणी बाजू आहे. तो पाण्याला व धुळीला आयपी६८ दर्जाने तोंड देतो आणि त्यात मेमरी कार्ड घालता येते. बाकी दोघांत कार्डाची सोय नाही.

यावर आपण म्हणाल की अक्षरांच्या हिशेबात एस९ एफई मागे पडला होता. तो उभा धरला तर पडतोच. पण टेबलावर बसून लिहिताना टॅबलेट सहसा आडवा ठेवला जातो. त्या वेळी त्याची रुंदी साडेतेवीस सेंटिमीटर होते, म्हणजे मूळ कागदाहून अधिक, आणि पान खऱ्या आकारापेक्षाही मोठे दिसते. किंमत एवढीच की एका वेळी पानाचा अर्ध्याहून थोडा कमी भाग समोर असतो आणि बोटाने वर सरकवत जावे लागते. गणिते सोडवणाऱ्याला हे चालते. गादीवर लोळून उभ्या टॅबलेटवर जीवशास्त्राचे धडे वाचणाऱ्याला चालत नाही. मुलगी यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे आपल्यालाच ठाऊक.

खरेदीपूर्वी क्लासला एक प्रश्न अवश्य विचारावा : त्यांच्या व्याख्यानांचे ॲप आयपॅडवर चालते का? काही क्लासची ॲप केवळ अँड्रॉइडवर चालतात, आणि तसे असेल तर वरच्या साऱ्या चर्चेतून आयपॅड आपोआप वजा होतो. मग टाइप-सी पेन ड्राइव्हमध्ये तिच्या नोट्समधले सर्वांत गजबजलेले पान आणि ई-बालभारतीवरून मोफत उतरवता येणाऱ्या एखाद्या पाठ्यपुस्तकाचा धडा घेऊन दुकानात जावे. विक्रेता आपणहून रंगीत मासे पोहतानाची चित्रफीत लावेल. ती बंद करायला सांगून आपले पान उघडावे. मला स्वतःला विचाराल, तर मुख्यतः लिहिणाऱ्या मुलीसाठी मी एस९ एफई घेईन आणि मुख्यतः वाचणाऱ्या मुलीसाठी आयपॅड. शाओमीचा पडदा या सर्वांत सरस आहे. त्याची दुरुस्ती सोलापुरात होते की टॅबलेट पुण्याला पाठवावा लागतो, एवढे विचारून घ्यावे आणि उत्तर समाधानकारक असेल तर तोही निःशंकपणे घ्यावा. प्रोसेसर आणि पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते तो वेग (रिफ्रेश रेट) यांचा या कामाशी फारसा संबंध नाही.

एक सूचना मात्र करतो. सीईटी संगणकावर होते, पण ‘नीट’ अजून कागदावर, ओएमआर पत्रिकेवर घेतली जात आली आहे. सराव परीक्षा तरी कागदावर आणि बॉलपेननेच सोडवू द्याव्यात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून वय ७१ आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. वर्तमानपत्रांचे ई-पेपर वाचणे आणि अमेरिकेतल्या नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलणे एवढेच माझे काम आहे. मुलगा आयपॅड घे म्हणतो, भाऊ म्हणतो फोन पुरे. सिम असलेला घ्यावा का, हेही सांगावे.
— एक वाचक, देवरुख

उत्तर : ताई, वरच्या उत्तरात मी जो ए९ प्लस बाद केला, तोच आपण घ्यावा असे माझे मत आहे. ई-पेपरचे पूर्ण पान कोणत्याही टॅबलेटवर वाचता येत नाही. छापील पानाची रुंदी टॅबलेटच्या दुपटीहून अधिक असते, त्यामुळे बोटांनी मोठे करूनच वाचावे लागते, आणि मोठे केल्यावर कमी ठिपक्यांचा दोष उरत नाही. बातमीवर बोट टेकवल्यास ती स्वतंत्र मजकूर म्हणून उघडण्याची सोय असेल, तर तीच वापरावी. तेथे अक्षर हवे तेवढे वाढवता येते. मुलाकडून सेटिंगमधला अक्षरांचा आकार पहिल्याच दिवशी वाढवून घ्यावा आणि पडद्याचा प्रकाश रात्री कमी करायला शिकून घ्यावे.

व्हिडिओ कॉलसाठी समोरचा कॅमेरा कोठे आहे ते पाहावे. ए९ प्लसमध्ये आणि अलीकडच्या आयपॅडमध्ये तो लांब बाजूच्या मध्यावर असतो. टॅबलेट आडवा उभा केला की आपण नातवंडांकडे पाहत आहात असे त्यांना दिसते. आखूड बाजूला कॅमेरा असलेल्या टॅबलेटवर आजी सतत खिडकीबाहेर पाहत बोलते आहे, असे वाटते. वजन सुमारे ४८० ग्रॅम आहे. तासभर हातात धरण्याजोगे ते नाही, म्हणून मागे पाय असलेले कव्हर घ्यावे, किंवा सरळ पोथी ठेवायच्या घडीच्या व्यासपीठावर टॅबलेट ठेवावा. माझ्या आईने हीच युक्ती केली आणि कोणत्याही महागड्या स्टँडपेक्षा ती टिकली.

सिमचे म्हणाल, तर घरी वाय-फाय असेल तर गरज नाही, आणि नसेल तर फोनचा हॉटस्पॉट पुरतो. ए९ प्लस आला तेव्हा वाय-फाय आवृत्ती २०,९९९ रुपयांची होती आणि सिमची त्याहून दोन हजारांनी महाग. तेवढ्यासाठी मन मारू नये, विशेषतः पावसाळ्यात देवरुखसारख्या ठिकाणी घरची जोडणी वरचेवर जात असेल तर. आयपॅडमध्ये मात्र तो बाजारात आला तेव्हा याच सोयीसाठी १५ हजार अधिक मोजावे लागत होते आणि एवढे देऊनही त्यावरून साधा सिमचा फोन लावता येत नाही.

प्रश्न : ओळखीतल्या एकाकडे २०१९ चा, सातव्या पिढीचा आयपॅड स्वस्तात मिळतो आहे. घ्यावा का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : त्याला आयपॅड चालवणाऱ्या प्रणालीची २०२४ ची आवृत्ती, आयपॅडओएस १८, मिळाली, त्यानंतरची मोठी आवृत्ती मिळाली नाही. पाच वर्षे साथ मिळाली हे चांगलेच आहे; पण ती साथ विकणाऱ्याने उपभोगली, आपल्या वाट्याला उताराचा भाग येईल. बँकेची ॲप जुन्या आवृत्त्यांना हळूहळू नकार देऊ लागतात. केवळ गाणी, चित्रपट आणि पुस्तके एवढेच असेल आणि किंमत खरोखर किरकोळ असेल, तर घेता येईल.

तसा निर्णय झालाच तर पैसे देण्यापूर्वी विकणाऱ्याला समोर बसवून त्याच्या ॲपल खात्यातून तो आयपॅड काढून टाकायला सांगावे, सर्व माहिती पुसायला लावावी आणि नव्याने सुरू होताना तो जुन्या मालकाचा पासवर्ड मागत नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. पासवर्ड मागितला आणि ‘घरी जाऊन सांगतो’ असे उत्तर आले, तर पैसे खिशातच ठेवावेत. अँड्रॉइड टॅबलेटलाही गुगल खात्याचे असेच कुलूप असते.