म्हशीने गाभ टाकला, मालकाला ताप आला: दोघांचीही तपासणी करा

यावल तालुक्यातल्या एका शेतकरी दादांनी विचारले आहे: म्हशीने सातव्या महिन्यात गाभ टाकला. जार (वार) अडकला होता, तो हातानेच ओढून काढला आणि उकिरड्यावर टाकला. म्हैस पुन्हा गाभण राहावी म्हणून काय द्यावे? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: मला 15 दिवसांपासून संध्याकाळी ताप येतो, घाम फुटतो, कंबर-गुडघे धरतात.

दादा, तुमची ही शेवटची ओळच आधी घेऊ. उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा, की म्हैस गाभडली होती आणि जार मी उघड्या हाताने काढला. हे सांगितले नाही तर टायफॉइड-मलेरियाच्या तपासण्यांतच महिना जाईल. मला शंका आहे ती ब्रुसेलोसिसची, म्हणजे जनावरांतल्या सांसर्गिक गर्भपाताच्या रोगाची; तो जनावरापासून माणसालाही लागतो. तो रक्त तपासणीत कळतो. उपचार साधारण 6 आठवडे चालतो. ताप उतरला म्हणून औषध मध्येच सोडले तर दुखणे उलटते.

उन्हाचा ताण, मार, बुरशी लागलेला चारा यांनीही गाभ पडतो. म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यात म्हशीच्या रक्ताची तपासणी करून घ्या, फोनसाठी 1962 आहे. तोवर तिला वेगळी बांधा, रेडा दाखवू नका आणि कृपा करून बाजारात विकू नका. हा रोग निघाला तर जनावरावर खात्रीचा इलाज नाही. दुखणे तुमच्या दावणीवरून दुसऱ्याच्या दावणीला जाईल, एवढेच.

आता उकिरड्याचे. मागच्या पावसाळ्यात एका गोठ्यावर गेलो, तर कुत्रे जार ओढत केळीच्या बागेत नेत होते. पाटाच्या कडेला त्याची ओली रेघ उमटली होती आणि त्याच पाटावर बाया हातपाय धूत होत्या. या रोगाचे जंतू कडक उन्हात लवकर मरतात, पण केळीखालच्या ओल्या सावलीत, शेणात ते कित्येक आठवडे टिकतात. म्हणून जार, मेलेले पारडू आणि खालचे भिजलेले गवत विहिरीपासून लांब, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. जागेवर चुना किंवा फिनाईल मारा. हातात कोपरापर्यंत मोजे हवेतच. गरोदर बाईला या कामाजवळ येऊ देऊ नका.

फेब्रुवारी 2006 मध्ये देशातल्या कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापूरला सापडला. तेव्हा शेडच्या शेड रिकामी झाली, म्हणून सगळा खान्देश जागा झाला. इथे एकच गाभ पडतो आणि शेजारी म्हणतात, "काही व्हत नही". मला या दुखण्याची जास्त काळजी वाटते ती यामुळेच.

4 ते 8 महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना ब्रुसेलोसिसची लस आयुष्यात एकदाच देतात. 2019 पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती मोफत आहे. गाभण जनावराला आणि नराला मात्र ती द्यायची नसते. दूध उकळूनच प्या. धारोष्ण दूध ताकदीचे म्हणून पोरांना देता ते आजपासून बंद करा.

आणि रक्त द्यायला जाल तेव्हा वहिनींनाही सोबत न्या. रोजची धार त्याच काढतात ना?