वास उडाला, मग औषध कुठं गेलं?

प्रश्न : कापूस वेचणीच्या दिवसांत माझी कंबर धरते. रात्री सासूबाई बाम चोळून देतात. अर्ध्या तासात वास जातो, की त्या म्हणतात, "दवाई उडाली वो, आणखीन लाव." खरंच उडते का?
– एक वाचक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : ताई, सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. तो झणझणीत वास मुख्यतः बामातल्या मिथाइल सॅलिसिलेट या औषधाचा. त्यातलं काही हवेत जातंच. पण जे आत उतरतं ते कातडीच मोडते. तिथली एस्टरेज नावाची विकरं त्याचं सॅलिसिलिक आम्ल करतात. त्याला वास नाही, पण दाहाशी झटणारा गडी तोच.

हे कळलं कसं? औषधशास्त्र शिकवायचे तेव्हा मी मुलांना आधी चिकटपट्टी द्यायचे. हातावर दाबायची, ओढायची, उजेडात धरायची. पिठासारखी भुकटी दिसते. ती कातडीची वरची मेलेली चळत, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही पातळ. औषध अडतं ते मुख्यतः तिथंच. अशा पट्ट्या एकामागून एक ओढून प्रत्येकीवरचं औषध मोजलं, की ते किती खोल गेलं ते समजतं.

न सोलता पाहायचं तर कातडीवर लेझरचा उजेड टाकतात. प्रत्येक रेणू थोड्या उजेडाचा रंग आपल्या परीनं किंचित बदलून परत धाडतो, त्यावरून तो ओळखू येतो. हाच 1928 चा रामन परिणाम. (रामन त्याआधी काही काळ नागपुरात सरकारी हिशेबखात्यात होते. हे सांगितलं की मागचे बाकही जागे व्हायचे.)

मोडलेलं आणि न मोडलेलं औषध वेगळं ओळखायला मात्र रेणूंचा तराजू बरा. शस्त्रक्रियेत निघालेल्या कातडीचा काप घेऊन ठिपक्याठिपक्यानं रेणू तोलतात, त्याचा नकाशा होतो. हायड्रोजनचा अणू 1 धरला, तर मिथाइल सॅलिसिलेट भरतं 152, सॅलिसिलिक आम्ल 138. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच यंत्रांत हवा काढून घेतलेली असते, तिथं तुमचा बाम आधीच उडून जायचा! म्हणून त्याच्यासाठी जिवंत माणसाच्या कातडीत बारीक नळी घालून तिथला द्रव तपासला. सॅलिसिलिक आम्ल तिथं सापडलं.

तेव्हा वास गेला म्हणून पुन्हा चोळू नका. आणि बाम लावून वर तापल्या विटेचा शेक तर नकोच, उष्णतेनं औषध जास्त आत शिरतं. घरात कुणाला रक्त पातळ करायची वॉरफरीनची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांच्या गुडघ्यांना हा बाम लावू नका.