वडिलांचा डिसॅबिलिटी पेन्शनचा क्लेम चौदा महिने अडकलाय. अजून थांबायचं की वकील गाठायचा?

तुम्ही लिहिलंय की वडील 2022 ला फौजेतून सुटून आले, गुडघा गेलाय, मेडिकल बोर्डाने 30 टक्के अपंगत्व लिहिलंय, चौदा महिन्यांपूर्वी अपील टाकलं आणि 'प्रोसेसमध्ये आहे' यापलीकडे कोणी काही बोलत नाही. आणि शेवटी एक वाक्य टाकलंय: 'वडील म्हणतात, फार मागे लागू नकोस, बरं दिसत नाही.' हे शेवटचं वाक्य नसतं तर मी लिहायला बसलोच नसतो.

मला दोन नाना आडवे आले. एक कागदावरचा. आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही, असं बोर्डाने लिहिलं की फौजेत त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'नाना' म्हणतात, ते तुमच्या वडिलांना माहीत असेलच. दुसरे नाना म्हणजे माझे सख्खे चुलते, स्वतः रिटायर्ड हवालदार. पहिल्या नानाला मी कोर्टात हरवलं. दुसऱ्यांशी भांडण अजून चालू आहे.

मी इन्फन्ट्रीतला. सतरा वर्षं नोकरी, त्यातली नऊ 81 एमएम मॉर्टर प्लाटूनमध्ये. बॉम्ब नळीत सोडायचा, मान फिरवायची, खाली वाकायचं. कानात कापसाचे बोळे. ते घामाने भिजायचे आणि तिसऱ्या-चौथ्या राऊंडला गळून पडायचे. बोळे उचलायला कोण थांबतंय. 2006 च्या फायरिंगनंतर कानात जो आवाज सुरू झाला तो आजतागायत थांबलेला नाही. कोकणातल्या माणसाला सांगायचं तर बाराही महिने रातकिडे. पाऊस उघडला की बायको म्हणते, आज रातकिडे ओरडत नाहीत. मला काय कळणार!

2009 च्या जुलैअखेर सुटलो. सुटताना बोर्डाने दोन्ही कान मिळून 20 टक्के लिहिले, कायमचे. आणि खाली नाना. कारण? आजार पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या छावणीत, सुरू झाला. अहो, मॉर्टरची रेंज काय फक्त बॉर्डरवरच असते? पीस स्टेशनला आम्ही काय तबला वाजवत होतो?

क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र 2010 च्या मेमध्ये आलं. खाली स्वच्छ लिहिलेलं, सहा महिन्यांत अपील करू शकता. ओटीवर सगळे बसलेले, फणस फोडायचं काम चाललेलं. नानांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं, घडी घालून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "सतरा वर्षं सरकारचं मीठ खाल्लंस. आता त्याच्यावर केस करणार? पेन्शन येते ना महिन्याच्या महिन्याला? हातपाय धड आहेत. कानाचं काय, बायकोचं बोलणं कमी ऐकू येईल, सुखी होशील." सगळे हसले. मीही हसलो. पत्र काळ्या ट्रंकेत गेलं ते 2019 पर्यंत तिथेच.

2019 ला चिपळूण स्टँडवर प्लाटूनमधला एक जण भेटला, खेडचा. तोही मोठ्यानेच बोलत होता, मीही. आजूबाजूचे लोक बघायला लागले, त्यांना वाटलं भांडण लागलंय. बोलता बोलता म्हणाला, कानाची डिसॅबिलिटी पेन्शन मला 2012 पासून मिळतेय की. "तुझ्याच नळीवर होतो ना मी?" त्या दिवशी घरी जाऊन ट्रंक उघडली.

पुढचं भराभर सांगतो. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहिती अधिकारात बोर्डाच्या कागदांची प्रत मागवली. भरती झालो तेव्हाच्या मेडिकलमध्ये कानाबद्दल एक अक्षर नाही, हे त्यातूनच हातात आलं. हा एक कागद हजार सलामांपेक्षा कामाचा. सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये धरमवीर सिंग या शिपायाच्या खटल्यात सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत लागला असं धरायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करायचं काम सरकारचं. तो शिपाई नऊ वर्षं नोकरी करून फिट्समुळे घरी पाठवलेला होता. त्याने मीठ खाल्लं नव्हतं का?

जानेवारी 2020 ला मुंबईच्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये अर्ज दाखल झाला. रात्रीची कोकणकन्या, जनरलच्या डब्यात दाराशी बसून, सकाळी सीएसटी. मग कोरोना आला आणि सगळंच बंद. मग 22 जुलै 2021. चिपळूणचा माणूस ही तारीख विसरत नाही. पेठमापात आमच्या पोटमाळ्याच्या वरून तिसऱ्या पायरीपर्यंत वाशिष्ठी आली. ट्रंक खालीच राहिली. तिसऱ्या दिवशी उघडली तर आत चिखलाची वडी. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, बोर्डाची प्रत, सगळं एकाला एक चिकटलेलं. मेहुण्याकडे सावर्ड्याला नेऊन एकेक पान सुरीच्या पात्याने सोडवलं आणि चुलीच्या वर जिथे सुकट ठेवतात तिथे वाळवलं. शाईपेनाच्या सह्या सगळ्या वाहून गेल्या. शिक्के पसरले. राहिलं काय, तर टाइप केलेली ती ओळ, नाना. जशीच्या तशी. पुढे कागद दाखवायची वेळ आली तेव्हा समोरच्या क्लार्कने डिस्चार्ज बुक नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं. सुक्या बांगड्याचा वास होता.

2022 ला निकाल लागला, माझ्या बाजूने. 20 चे 50 टक्के धरले. हे राऊंडिंग आजारपणामुळे घरी पाठवलेल्यांनाच नाही, नोकरी पुरी करून सुटून आलेल्यांनाही मिळतं, हे सुप्रीम कोर्टाच्या 10 डिसेंबर 2014 च्या राम अवतार निकालापासून पक्कं आहे. पन्नासच्या आत असेल तर 50, पन्नास ते पंचाहत्तर 75, त्याच्या वर 100. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के हा हिशोब, म्हणजे माझे 6 टक्के होते त्याचे 15 झाले. तुमच्या वडिलांच्या 30 चेही 50 होतात, म्हणजे 9 च्या जागी 15. अपिलात राऊंडिंग मागितलंय का, आधी बघा.

आणि आता खरी दुखरी गोष्ट. उशिरा आलो म्हणून माझी थकबाकी अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच धरली. सुप्रीम कोर्टाचा 2008 चा तरसेम सिंग निकाल. मला जानेवारी 2017 पासूनची मिळाली. ऑगस्ट 2009 ते डिसेंबर 2016 गेली. मोजा. साडेसात वर्षांना एक महिना कमी. शनीने नाही लावली ती साडेसाती, सख्ख्या चुलत्याने लावली.

निकालानंतरही पैसे यायला आठ महिने लागले, कारण पीपीओत आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये डब्ल्यू होता आणि आधारवर व्ही. हे कोणी सांगितलं नाही. मी तीनदा लेखी विचारल्यावर एका ओळीचं उत्तर आलं. म्हणून म्हणतो, 'प्रोसेसमध्ये आहे' याचा अर्थ बहुतेक वेळा एक कागद कमी आहे आणि तो कोणता हे तुम्हाला सांगणं कोणाचंच काम नाही. स्पर्शवर, म्हणजे पेन्शनच्या सरकारी वेबसाइटवर, वडिलांचं नाव, जन्मतारीख, खातं, सगळं आधारशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. फोन करणं बंद करा. फोनला पुरावा नसतो, आणि आमच्यासारख्यांना तर तो ऐकूही येत नाही. पत्र लिहा, पोचपावती जपून ठेवा, आणि फाईल कुठल्या टेबलावर कधीपासून आहे हे माहिती अधिकारात विचारा. गुडघा पडून गेला असेल तर तेव्हाचा इंजुरी रिपोर्ट मागवा. त्याच्याशिवाय वकीलही काही करू शकणार नाही.

थांबायचं का? नाही. अपील करून सहा महिने झाले आणि उत्तर नाही, तर ट्रिब्युनलचा दरवाजा उघडा असतो. तुमचे चौदा झालेत. वकील करा, पण थकबाकीत टक्का मागणारा नको. तसं मागणं त्यांच्याच नियमात बसत नाही. आणि स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानात बसून 'साहेब, आपली ओळख आहे' म्हणणाऱ्यांना तर दारात उभं करू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला फुकट मदत मिळते.

'बरं दिसत नाही' याबद्दल. दापोलीला आमच्याकडची जुनी माणसं अजून कॅम्प दापोली म्हणतात. इंग्रजांच्या काळात पेन्शनर शिपायांची वस्तीच होती ती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले. फौजेतून पेन्शनवर आलेले गोपाळबाबा वलंगकरही तिथेच राहिले. महारांची भरती बंद केली तेव्हा या माणसाने गप्प न बसता सरकारला उद्देशून अर्ज लिहिला. सव्वाशे वर्षांपूर्वी, इंग्रजांना. आणि आम्ही आपल्याच सरकारला पत्र लिहायला लाजायचं? नानांना हे सांगितलं तर म्हणाले, तो काळ वेगळा होता.

दोन गोष्टी राहिल्या. 21 सप्टेंबर 2023 नंतर सुटलेल्यांना नवीन नियम आहेत. मी सांगितलं ते जुन्या नियमांचं, तुमच्या वडिलांना ते लागू पडतं. आणि मी आर्मीवाला. वडील नेव्हीत असतील, रत्नागिरी-सिंधुदुर्गात ते पुष्कळ आहेत, तर त्यांचं रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दला कॅब्समध्ये, म्हणजे नौसैनिकांच्या रेकॉर्ड ऑफिसात, एका दिवसात जाऊन येण्यासारखं. आधी हे विचारायला हवं होतं.

नानांचं सांगायचं तर, गेल्या गणपतीत आरती झाल्यावर सगळे प्रसादाला वळले तेव्हा ते माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांचा डावा कान मी लहान होतो तेव्हापासून गेलेला आहे. मला हळू विचारायला गेले, पण दोन बहिऱ्यांमध्ये हळू काय असतं! सगळ्या ओटीला ऐकू गेलं, "माझं होईल का रे काही?" कोणी हसलं नाही. मी आतून माहिती अधिकाराचा कोरा अर्ज आणून दिला, सही कुठे करायची तिथे फुली मारून. अजून परत आलेला नाही. काकू म्हणते, देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलाय, रोज काढून वाचतात.