हाँगकाँगमधल्या सरकारी दवाखान्याची वाट

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र पोहोचले. नोकरीनिमित्त पत्नी आणि चार वर्षांच्या मुलीसह तुम्ही हाँगकाँगला येत आहात, आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: इथल्या सरकारी रुग्णालयात नव्या माणसाला केव्हापासून उपचार मिळतात, कंपनीचा विमा हाताशी असताना त्या वाटेला जावे का, आणि मधुमेह असलेल्या आईंना सोबत आणले तर त्यांची सोय कशी लागेल. पत्नींना पाचवा महिना असल्याचे तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिले आहे. मला विचाराल तर तुमच्या सगळ्या आखणीचा आरंभ त्याच ओळीपासून व्हायला हवा, पण आधी थोडी पार्श्वभूमी सांगते.

सरकारी रुग्णालये चालवणारी संस्था म्हणजे हॉस्पिटल ऑथॉरिटी. ती १९९० साली स्थापन झाली आणि तिचा खर्च मुख्यतः सरकारी तिजोरीतून भागतो. आरोग्यासाठी पगारातून वेगळी वर्गणी कापली जात नाही, किती वर्षे नोकरी केली असे कोणी विचारत नाही, आणि कायम निवासी व नुकताच आलेला रहिवासी यांच्या दरांत फरक केला जात नाही. सवलतीच्या दरासाठी बघितले जाते ते एकच, ते म्हणजे तुमच्याजवळ वैध हाँगकाँग ओळखपत्र आहे की नाही. ज्याला एकशे ऐंशी दिवसांहून अधिक राहण्याची परवानगी मिळाली आहे, अशा अकरा किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाने आल्यापासून तीस दिवसांत या ओळखपत्रासाठी नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. तीस दिवसांची मुभा आहे म्हणून तिसाव्या दिवसापर्यंत थांबू नका. नोंदणीची वेळ ऑनलाइन घेता येते, ती विमानाचे तिकीट काढतानाच घेऊन टाका, आणि कार्ड हातात येईपर्यंतच्या दिवसांसाठी सर्वांचा साधा प्रवास विमा उतरवा. मुलगी अकरा वर्षांखालील असल्याने तिला कार्ड लागत नाही. तिचा पासपोर्ट आणि ई-व्हिसाची छापील प्रत दाखवली की ती रहिवासी म्हणून धरली जाते. ही प्रत मोबाइलवर ठेवण्यापेक्षा कागदावर ठेवलेली बरी, कारण तापाने फणफणलेले मूल कडेवर असताना मोबाइलवर फाइल शोधत बसणे किती जिवावर येते, हे मी अनुभवले आहे.

आता पत्नींविषयी. त्या तुमच्या आश्रित म्हणून व्हिसा घेऊन आल्या आणि त्यांनी स्वतःचे ओळखपत्र काढले, तर त्यांची प्रसूती सरकारी रुग्णालयात इतर कोणत्याही रहिवासी स्त्रीप्रमाणे होईल, म्हणजे जनरल वॉर्डाचा रोजचा दर, जो २०२६ च्या जानेवारीपासून तीनशे हाँगकाँग डॉलर आहे, तेवढाच भरावा लागेल. मात्र व्हिसा यायला उशीर होतो आहे म्हणून त्या पर्यटक म्हणून आल्या, तर त्यांची गणना बिगर-पात्र व्यक्तींत होईल, आणि अशा स्त्रियांना २००७ पासून आधी नाव नोंदवूनही प्रसूतीसाठी किमान ३९,००० डॉलर मोजावे लागत; २०१३ पासून तर सरकारी रुग्णालये त्यांचे नाव आधी नोंदवूनच घेत नाहीत. नाव न नोंदवता ऐनवेळी दाखल झाल्यास ती रक्कम दुपटीहून अधिक होते. खासगी विम्याच्या भरवशावर राहू नका. प्रसूतीसाठी बहुतेक पॉलिसींना दहा-बारा महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो, त्यामुळे आधीच गरोदर असलेल्या स्त्रीला त्यांचा काही उपयोग नसतो. म्हणून तिघांचे व्हिसा एकत्रच मागा, आणि कार्ड मिळाले की त्याच आठवड्यात आरोग्य विभागाच्या जवळच्या माता-बाल आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिपूर्व तपासणी विभागात त्यांचे नाव घाला. ही केंद्रे आणि रुग्णालये तपासण्या वाटून घेतात. सोनोग्राफीचे अहवाल, रक्तगट आणि आजवरच्या तपासण्यांचे कागद इंग्रजीत असू द्या. पत्नींना स्वतंत्र खोलीची अपेक्षा असेल तर आत्ताच सांगून ठेवा की सरकारी वॉर्डात ती मिळत नाही. एकमेकींना लागून खाटा असतात, मध्ये पडदा असतो, आणि रात्री शेजारचे बाळ रडले की आपलेही जागे होते. परंतु वैद्यकीय काळजीत कसूर होत नाही, हे मी दोन बाळंतपणांनंतर सांगते आहे.

मुलीचे लसीकरणही त्याच माता-बाल केंद्रात विनामूल्य होते. भारतातले लसीकरणाचे पुस्तक आणायला विसरू नका. इथले वेळापत्रक वेगळे असल्याने तिथली परिचारिका आपल्या नोंदी एकेक करून ताडून पाहते आणि राहिलेल्या लशींच्या तारखा देते. पुढे मुलगी प्राथमिक शाळेत गेली की विद्यार्थी आरोग्य सेवा तिची दरवर्षी तपासणी करते, आणि शालेय दंतसेवेत वर्षाला अवघे तीस डॉलर भरून तिचे दात तपासले जातात. मोठ्यांच्या दातांना मात्र सरकार जवळजवळ वाली नाही. मोजक्या सरकारी दंतचिकित्सालयांत ठरावीक दिवशी वेदनाशमन आणि दात काढणे एवढेच होते. ज्याची दाढ दुखरी आहे, त्याने निघण्यापूर्वीच ती भरून घ्यावी.

तुमचा दुसरा प्रश्न विम्याचा. इथे एकच गोष्ट पक्की समजून घेतली की बाकीचे सोपे जाते. सरकारी यंत्रणेत पैसा आणि ओळख यांना किंमत नाही, रांग लागते ती आजाराच्या गांभीर्याने. माझी थोरली मुलगी तीन वर्षांची असताना एका रात्री अकरा वाजता कान दुखतो म्हणून किंचाळायला लागली. मी तिला जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या ॲक्सिडेंट अँड इमर्जन्सी विभागात नेले, ज्याला सगळे ए-अँड-ई म्हणतात. नाव नोंदवून दहा मिनिटे होतात न होतात तोच परिचारिकेने तिचा ताप, नाडी पाहिली, कानात डोकावले, आणि एका चिठ्ठीवर चारचा आकडा लिहून मला बसायला सांगितले. मला वाटले, किती तत्पर कारभार! त्या चारचा अर्थ मला तेव्हा ठाऊक नव्हता. इथे रुग्णांचे पाच गट करतात: पहिला अतिगंभीर, त्याला तत्काळ पाहतात, दुसरा आकस्मिक, त्याला पंधरा मिनिटांत, तिसरा तातडीचा, त्याला साधारण अर्ध्या तासात, आणि चौथा-पाचवा म्हणजे वेळ मिळेल तसा. आम्ही पहाटे चारपर्यंत तिथेच होतो. फलकावरचे आकडे सरकत, मध्येच एखादी स्ट्रेचर आली की थबकत. समोरच्या आजोबांना छातीत कळ आली म्हणून आणले, तर त्यांना कोणीही न थांबवता सरळ आत घेतले, आणि माझी चिडचिड तिथल्या तिथे ओसरली. डॉक्टरांनी मुलीला नीट तपासून औषध दिले, पण तो आजार मुळात त्या दारात नेण्याचा नव्हताच.

तेव्हा ए-अँड-ईला जाण्याचे शुल्क १८० डॉलर होते. ते आता ४०० झाले आहे. पहिल्या दोन गटांतील रुग्णांना ते माफ आहे, यामागचा हेतू उघड आहे. कानदुखी, सर्दी, पुरळ, लघवीची जळजळ यांसाठी पर्याय दोन. एक सरकारी बाह्यरुग्ण दवाखाना, ज्याला हल्ली फॅमिली मेडिसिन या नावाने ओळखतात. तिथे दीडशे डॉलर आणि प्रत्येक औषधामागे चार आठवड्यांसाठी पाच डॉलर पडतात. अपॉइंटमेंट फोनवर किंवा हॉस्पिटल ऑथॉरिटीच्या एचए गो या ॲपवर मिळते, मात्र ती पुढच्या चोवीस तासांतलीच असते, आणि हिवाळ्यात फ्लूची साथ आली की सकाळीच संपते. दुसरा पर्याय खासगी डॉक्टर. ते तपासून औषधेही आपल्याच दवाखान्यातून देतात, तीन दिवसांच्या पुड्यांसकट. कंपनीचा विमा याच कामी येतो, आणि मी तो यासाठीच वापरते. उलट हृदयविकार, पक्षाघात, अपघात, कर्करोग किंवा अकाली जन्मलेले बाळ अशा वेळी सरकारी रुग्णालयासारखा आधार नाही. रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी बहुतेकांचे उपचार तिथेच होतात, आणि बिल हातात आल्यावर घाम फुटत नाही. शिवाय २०२६ पासून एका वर्षात भरायच्या शुल्काला दहा हजार डॉलरची कमाल मर्यादा आहे. आणीबाणीत ९९९ ला फोन करावा. रुग्णवाहिका अग्निशमन दलाची असते, तिचे पैसे पडत नाहीत, आणि ती जवळच्या सरकारी ए-अँड-ईलाच नेते, विमा कुठल्याही खासगी रुग्णालयाचा असो.

तज्ज्ञांकडे जायचे असेल तर शिफारसपत्र लागते, आणि ते तीन महिन्यांहून जुने चालत नाही. खासगी डॉक्टरांचे पत्रही चालते. ते आल्यावर पुन्हा गांभीर्याने चाळणी होते: अत्यंत निकडीच्या रुग्णाला दोन आठवड्यांत, कमी निकडीच्याला आठ आठवड्यांत बोलावतात, आणि बाकीच्यांना सामान्य यादीत टाकतात. ही सामान्य यादी म्हणजे या यंत्रणेचे दुखणे आहे. माझ्या गुडघ्यासाठी मला दीड वर्षानंतरची तारीख मिळाली होती. ऑथॉरिटी विभागवार प्रतीक्षेचे आकडे संकेतस्थळावर जाहीर करते, ते पाहून खासगीत जावे की थांबावे हे ठरवता येते. शिफारसपत्रात ‘गुडघेदुखी’ असे दोन शब्दांत लिहून आणू नका. डॉक्टरांना लक्षणे किती काळची, चालताना काय होते, रात्री झोपमोड होते का, हे सविस्तर लिहायला लावा, कारण चाळणी करणारा तेवढ्या कागदावरच ठरवतो.

एक मजेशीर गोष्ट. पैसे भरायच्या खिडकीवर इथे इंग्रजीत ‘श्रॉफ’ असे लिहिलेले असते. पहिल्यांदा मला वाटले ते कोणा डॉक्टरांचे नाव असावे. मग कळले की तो आपल्याकडचाच सराफ आहे, जहाजांतून इथवर येऊन रुग्णालयाच्या गल्ल्यावर बसलेला! तिथे बस-मेट्रोसाठी वापरतात ते ऑक्टोपस कार्डही चालते.

भाषेची धास्ती बाळगू नका. डॉक्टर इंग्रजीत बोलतात, टिपणे इंग्रजीतच असतात आणि औषधांच्या पाकिटावर इंग्रजी आणि चिनी अशा दोन्ही लिपी असतात. वॉर्डातल्या मावश्या कँटोनीज, म्हणजे इथली चिनी बोलीच बोलतात, पण त्यांचे हातवारे पुरेसे असतात. हिंदीसह अनेक भाषांचे दुभाषे रुग्णालय विनामूल्य पुरवते, फक्त अपॉइंटमेंटच्या आधी सांगावे लागते. टायफूनचा आठ नंबरचा इशारा लागला तर साधे दवाखाने बंद राहतात, ए-अँड-ई मात्र चालू असते.

आता आईंविषयी. इथे तुम्हाला निराश करावे लागते. तुमच्यासारख्या कामाच्या व्हिसावर आलेल्याला आश्रित म्हणून पत्नी आणि अठरा वर्षांखालील अविवाहित मुलेच आणता येतात. साठ वर्षांवरील आई-वडिलांना आणण्याचा हक्क कायम निवासी झाल्यावर मिळतो, म्हणजे सलग सात वर्षे इथे राहून झाल्यावर. तोवर त्या पाहुण्या म्हणूनच येऊ शकतील. भारतीय पासपोर्टवर ऑनलाइन पूर्वनोंदणी केल्यास एका खेपेला चौदा दिवस राहता येते, त्याहून अधिकासाठी पर्यटक व्हिसा लागतो. पाहुण्यांना सरकारी रुग्णालय दारातून परत पाठवत नाही, पण सवलतही देत नाही. ए-अँड-ईच्या एका भेटीला १,२३० डॉलर आणि जनरल वॉर्डात दिवसाला ५,१०० डॉलर हे दर २०१७ साली ठरले आणि पुढे बरीच वर्षे चालले. मधुमेही माणसाला न्यूमोनिया होऊन आठ दिवस काढावे लागले, तर हिशेब तुम्हीच करा. म्हणून त्यांच्यासाठी आधीच्या आजारांचा समावेश असलेला प्रवास विमा घ्या, तो महाग पडला तरी. मुक्कामभर पुरतील एवढी औषधे आणि त्यांच्या मूळ रासायनिक नावांसह डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या, कारण आपल्याकडे ज्या गोळ्या दुकानात मागताक्षणी मिळतात त्यांतल्या कित्येक इथे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. बाळंतपणाला आई हवीच असेल तर प्रसूतीच्या तारखेच्या मागेपुढे त्यांचा व्हिसा बसेल, असा अर्ज आत्ताच करा.

तुम्ही आल्यावर पहिल्या शनिवारी ओळखपत्राच्या कचेरीपासून जवळचे माता-बाल केंद्र दाखवायला मी सोबत येईन. पत्नींच्या व्हिसाचा अर्ज कोणत्या तारखेला दाखल झाला, तेवढे मात्र लगेच कळवा.