मारबतीच्या गोष्टी गोळा करायला निघाला आहेस तर

आधी एक सांगतो: 'यातली खरी गोष्ट कोणती?' हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नकोस. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून जाळतात त्या पुतळ्यांपैकी एक, काळी मारबत, तिचंच बघ. एक जण सांगेल, ही पूतना. गोकुळवासीयांनी तिला गावाबाहेर नेऊन जाळलं. दुसरा म्हणेल, ही नागपूरच्या भोसले राजघराण्यातली बाकाबाई, इंग्रजांना मिळाली म्हणून तिचा पुतळा. दोन्ही लिहून घे. एकीत लेकराबाळांचं दुखणं गावाबाहेर घालवायची धडपड आहे, दुसरीत १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर राज्य हातातून गेल्याचा सल. नागपूरकर स्वतःला कोण समजतो, ते या दोन गोष्टी मिळून सांगतात. एकच ठेवलीस तर निम्मं शहर गमावशील.

काळी मारबत १८८१ पासून निघते असं सांगतात, पण सनावळीत फार अडकू नकोस. कोण सांगतंय, कुणाला, कोणत्या वेळी, हे मात्र नक्की टिपून ठेव. म्हातारी नातवाला सांगते तेव्हाची पूतना वेगळी आणि चौकात सांगितलेली वेगळी.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मिरवणुकीत उभा राहा. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी कानावर पडली की पुढे काय जोडतात तिकडे लक्ष दे. कुणी खोकला म्हणतो, कुणी रोगराई, कुणी महागाई. बडग्यांवरचे, म्हणजे मारबतीसोबत निघणाऱ्या पुरुषी पुतळ्यांवरचे फलकही दरवर्षी वेगळे, ते लिहून घे. आणि बोली सुधारू नकोस. 'कशाला'ऐवजी 'कायले' म्हणाले तर 'कायले'च लिही.